टी म्हणजे ‘काहीही’ नव्हे

सुरुवातीलाच सांगून टाकते, आजची नोंद प्रोग्रॅमिंगवर आहे आणि जराशी भांडखोर आहे. एरवी प्रवास, पुस्तकं आणि खाणंपिणं वाचायला इथे येणाऱ्या मंडळींनी (आत्या, तूसुद्धा!) लगेच पळून जाऊ नये. कोडची एकही ओळ देणार नाहीये. शिवाय ज्या गोष्टीवरून हे भांडण आहे ती तुम्हाला रोज भेटते, फक्त तिथे तिला ‘टाइप पॅरामीटरवरची अट’ असं भारदस्त नाव नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जेनेरिक क्लास लिहिणाऱ्याने आपल्याला काय चालतं आणि काय चालत नाही हे क्लासच्या पाटीवरच लिहिलं पाहिजे. जो लिहीत नाही तो स्वतःला लवचिक वगैरे म्हणवून घेतो, पण प्रत्यक्षात तो आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारत असतो. बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमी अनुभवी माणसाच्या गळ्यात.

आधी घरच्यांसाठी थोडं. पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. गहू न्या, ज्वारी न्या, बाजरी न्या, तांदूळ न्या, गिरणी तीच. प्रत्येक धान्यासाठी वेगळं यंत्र बनवायला लागलं तर गिरणीवाल्याचं दिवाळं निघेल. जेनेरिक क्लास म्हणजे हेच. यंत्र एकदाच लिहायचं आणि ‘आत काय टाकणार’ ही जागा मोकळी ठेवायची. त्या मोकळ्या जागेला आम्ही लोक बहुतेक वेळा ‘टी’ म्हणतो. टी म्हणजे पूर्णांकांची यादी असेल, टी म्हणजे ग्राहकांची यादी असेल, यादीचा कोड एकच.

पण गिरणीत एक पाटी असते, ‘मिरची-मसाला दळून मिळणार नाही’. ही पाटी म्हणजे अट. ती नसती तर काय झालं असतं? कोणीतरी मिरची टाकली असती, ती दळली गेली असती, आणि तिखट लागलं असतं मागून गव्हाचा डबा घेऊन आलेल्या माणसाला. आता गिरणीवाला जर म्हणाला की ‘पाटी लावली की धंद्याची लवचिकता जाते’, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? माझ्या क्षेत्रात मात्र असं म्हणणाऱ्याला आर्किटेक्ट म्हणतात. :-)

असो. आता मुद्द्याचं.

जावामध्ये जेनेरिक्स आली २००४ साली, जावा ५ बरोबर. सी शार्पमध्ये २००५ साली, दुसऱ्या आवृत्तीत. दोन्ही भाषांनी अटी घालायची सोय पहिल्या दिवसापासून दिली. जावात ‘एक्सटेंड्स’ लिहून, सी शार्पमध्ये ‘व्हेअर’ लिहून. त्यात नवीन काहीच नव्हतं. बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात एमआयटीत ‘क्लू’ नावाची भाषा बनवली होती, तिच्यातही टाइप पॅरामीटरवर अट घालता येत असे. ‘हा टाइप चालेल, मात्र त्याला बरोबरी तपासण्याची क्रिया असली पाहिजे’ अशा प्रकारची. आणि गंमत म्हणजे शब्दही तोच, ‘व्हेअर’. तर ही कल्पना जवळपास पन्नास वर्षांची आहे. तरीही आज कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या प्रकल्पाचा कोड उघडा, तुम्हाला नुसता उघडाबोडका टी घेऊन फिरणारे क्लास सापडतील, आणि त्यांच्या आत टी ला आधी ऑब्जेक्ट करून मग हव्या त्या टाइपमध्ये कोंबण्याचे प्रकार. म्हणजे अट आहेच! फक्त ती पाटीवर नाही, तळघरात आहे. तुम्ही जिने उतरून खाली जाल आणि डोकं आपटाल तेव्हा कळेल.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करते, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. अट घालणं म्हणजे नुसतं वापरणाऱ्यावर बंधन नव्हे. अट ही लिहिणाऱ्याला मिळालेली परवानगीसुद्धा असते. सी शार्प किंवा जावामध्ये टी वर काहीच अट नसेल, तर क्लासच्या आत तुम्हाला टी बद्दल काहीच माहीत नसतं. त्याची तुलना करता येत नाही, त्याचा क्रमांक विचारता येत नाही, नवीन टी बनवता येत नाही. प्रत्येक ऑब्जेक्टला येतं तेवढंच त्याला येतं, म्हणजे स्वतःचं मजकुरात रूपांतर करणं वगैरे किरकोळ कामं. ‘टी तुलनायोग्य असला पाहिजे’ असं लिहिलं की त्या क्षणी तुलना करणारी मेथड तुमच्या हाताशी येते. आणि अटीत न लिहिलेलं काही वापरायला गेलात तर कंपायलर तुमचाही हात धरतो. म्हणजे हा दोन्ही बाजूंनी सही केलेला करार आहे. वापरणारा म्हणतो, ‘एवढं मी देईन’. लिहिणारा म्हणतो, ‘एवढ्यावरच मी भागवीन’. एकतर्फी जाच वगैरे काही नाही.

आता विरुद्ध बाजूचे युक्तिवाद एकेक घेऊ. सगळे मी प्रत्यक्ष ऐकलेले आहेत.

पहिला: ‘वापरणारा शहाणा असतो, तो बरोबर टाइपच देईल.’

मागे एका नोकरीतली गोष्ट (कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही). कुठल्याही गोष्टींची यादी घेऊन तिचा अहवाल छापणारा एक जेनेरिक क्लास होता. टी वर अट काही नाही. आत मात्र यादी क्रमाने लावली जायची. सी शार्पच्या यादीत क्रम लावणारी मेथड अशी आहे की टी तुलनायोग्य आहे की नाही हे ती कंपाइल होताना बघतच नाही. चालताना दोन वस्तू शेजारी ठेवून तुलना करायला जाते, आणि जमलं नाही की एक्सेप्शन फेकते. आणि यादीत वस्तू एकच असेल तर? तुलनेची वेळच येत नाही, सगळं सुरळीत.

नोकरीला लागून आठ महिने झालेल्या एका मुलाने हा क्लास कर्जाच्या हप्त्यांसाठी वापरला. हप्ता हा नवा टाइप होता, त्याला तुलना येत नव्हती. त्याने टेस्ट लिहिली, एक हप्ता घालून. पास! महिनाअखेरीला ग्राहकाकडे पहिला दोन हप्त्यांचा अहवाल निघायची वेळ आली आणि रात्री सगळं बंद पडलं. दुसऱ्या दिवशी बैठक. प्रश्न त्या मुलाला, ‘वापरण्यापूर्वी तू क्लासच्या आतला कोड का वाचला नाहीस?’ मी तिथेच म्हटलं की प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. क्लासवर ‘टी तुलनायोग्य हवा’ एवढं एक वाक्य असतं तर याचा कोड कंपाइलच झाला नसता, आणि दहा मिनिटांत हप्त्याला तुलना शिकवून तो पुढे गेला असता. बैठकीच्या इतिवृत्तात काय आलं? ‘टेस्ट वाढवणे.’ त्या मुलाच्या त्या वर्षीच्या मूल्यमापनात ही घटना आली. क्लास लिहिणाऱ्याच्या आली नाही.

म्हणून मला हा प्रश्न नुसता तांत्रिक वाटत नाही. चूक कुठे उघड होते यावर ती कोणाच्या नावावर जमा होते हे ठरतं. कंपायलरने अडवली तर ती कोणाचीच नसते, नुसती एक लाल रेघ असते. मध्यरात्री उघड झाली तर ती शेवटी हात लावणाऱ्याची. आणि शेवटी हात लावणारा नेहमीच सगळ्यात नवा, सगळ्यात घाबरलेला आणि त्या क्लासबद्दल सगळ्यात कमी माहिती असलेला माणूस असतो. ‘वापरणारा शहाणा असतो’ हे ऐकायला उदार वाटतं, पण त्याचा खरा अर्थ ‘फसला तर तो वेडा होता’ असाच निघतो.

दुसरा युक्तिवाद: ‘डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की.’

लिहिलंय ना! सी प्लस प्लसवाल्यांनी तर प्रमाण-ग्रंथात लिहिलं होतं. टेम्प्लेटला कुठला टाइप चालेल याच्या काटेकोर व्याख्या तिथे होत्या, पण इंग्रजी गद्यात. कंपायलरला त्यांचा पत्ता नाही. परिणाम काय, तर जोडयादीवर साधी क्रम लावायची क्रिया चालवायला जा (जोडयादीत वाटेल तिथे उडी मारता येत नाही, त्यामुळे ती क्रिया तिला लागूच होत नाही), आणि कंपायलर पानंच्या पानं ओकायचा. त्यात तक्रार कशाची? तर लायब्ररीच्या आतल्या, तुम्ही कधी न पाहिलेल्या फाइलमध्ये दोन इटरेटरांची वजाबाकी जमत नाही याची. माणूस विचारतो, ‘अहो, मी वजाबाकी केलीच कुठे?’ या दुखण्यावर उपाय म्हणून ‘कन्सेप्ट्स’ नावाच्या अटी सी प्लस प्लसमध्ये आणायचं घाटत होतं. २००९ साली त्या आगामी प्रमाणातून काढून टाकल्या गेल्या आणि शेवटी सी प्लस प्लस २० मध्ये आल्या. अकरा वर्षं! गद्यातली अट कोडमध्ये आणायला एका मातब्बर भाषेने इतकी वर्षं खर्च केली ती हौस म्हणून नव्हे. (तिथेही काम अर्धंच झालंय. अट वापरणाऱ्यासाठी तपासली जाते, पण लिहिणारा आत अटीबाहेरचं काही वापरतोय का हे कंपायलर ताडून बघत नाही. वर म्हटलेल्या करारावर एकाच बाजूची सही.)

तिसरा युक्तिवाद: ‘टेस्ट आहेत ना.’

टेस्ट उदाहरणं तपासते. अट सगळ्या टाइपांबद्दल बोलते. जे आज अस्तित्वात आहेत त्यांच्याबद्दल, आणि जे पुढच्या वर्षी कोणीतरी, अजून नोकरीला न लागलेला माणूस लिहिणार आहे त्यांच्याबद्दलही. हप्त्याच्या गोष्टीत टेस्ट होतीच की. एका वस्तूची होती. जावाचं अगदी जुळं उदाहरण आहे. क्रमाने ठेवणारा ट्रीमॅप घ्या. त्याच्या किल्लीच्या टाइपवर काहीही अट नाही. जावा ६ पर्यंत तुलना न येणारी पहिली किल्ली बिनबोभाट आत जायची आणि दुसरी टाकली की स्फोट. जावा ७ पासून पहिल्याच किल्लीला अडवायला लागले, पण तेही चालतानाच, कंपाइल होताना नाही. आणि याच घरात ‘कलेक्शन्स’ नावाच्या क्लासमध्ये यादी क्रमाने लावणारी मेथड आहे, तिच्यावर मात्र रीतसर अट आहे. तुलना न येणाऱ्या वस्तूंची यादी दिलीत तर कोड कंपाइलच होत नाही. एकाच घरातली दोन भावंडं, एक पाहुण्याला दारात विचारतं, दुसरं जेवायला बसवून मग उठवतं.

इथे ट्रीमॅपच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे आणि तो मांडल्याशिवाय भांडण प्रामाणिक होणार नाही. त्याला बाहेरून वेगळा तुलनाकारही देता येतो, आणि तसा दिला तर किल्लीला स्वतः तुलना यायची गरज नसते. मग सरसकट अट कशी घालणार? बरोबर. पण मग दोन दारं करा. एक दार तुलनाकार घेऊन येणाऱ्यांसाठी, त्याला अट नाही. दुसरं रिकाम्या हाताने येणाऱ्यांसाठी, त्यावर अट. वस्तू बनवून देणारी स्टॅटिक मेथड लिहिली की तिच्यावर तिची स्वतंत्र अट घालता येते. एकाच दारातून सगळ्यांना घ्यायचं म्हणून कोणालाच काही विचारायचं नाही, ही सोय लिहिणाऱ्याची आहे, वापरणाऱ्याची नव्हे.

चौथा युक्तिवाद सगळ्यात लाडका: ‘अटी घातल्या की लवचिकता जाते.’

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी तो खरा करून ठेवलाय. आमच्यातल्या काहींना अटी घालायचं वेड लागतं. ‘टी ने आमच्या मूळ-नोंद क्लासमधूनच आलं पाहिजे, त्याने अमुक इंटरफेस घेतला पाहिजे, त्याला रिकामा कन्स्ट्रक्टर पाहिजे’... का? तर आज सगळे टाइप योगायोगाने तसे आहेत म्हणून. हे वाचताना मला वर्तमानपत्रातल्या वधू-वर सूचक जाहिराती आठवतात. उंची पाच-चार, गोरी, सुस्वरूप, नोकरी करणारी पण गृहकृत्यदक्ष, कोकणस्थ, पुण्यात स्वतःचा फ्लॅट असलेल्या घरातली. संसाराला यातलं नेमकं काय लागतं हे त्या लिहिणाऱ्यांना विचारा. सांगता येणार नाही. अनावश्यक अट ही खोटी अट असते. ती क्लासची गरज सांगतच नाही, लिहिणाऱ्याचा पूर्वग्रह तेवढा सांगते.

म्हणून माझा नियम सोपा आहे. क्लासच्या पोटात टी चं जे जे वापरलं जातं तेवढं आणि तेवढंच पाटीवर. क्रमांक वाचायचाय? मग ‘क्रमांक देणारा’ असा एका ओळीचा इंटरफेस करा आणि त्याची अट घाला. त्यासाठी वीस मेथड असलेला मूळ-क्लास मागू नका. रिकाम्या कन्स्ट्रक्टरची अट तर मी जवळजवळ घालतच नाही. सी शार्पमध्ये ती फक्त बिनपॅरामीटरच्या कन्स्ट्रक्टरबद्दल बोलते. दोन पॅरामीटर लागणारा कन्स्ट्रक्टर मागायची सोयच नाही. मग लोक काय करतात, तर अर्धवट बनलेल्या वस्तू जन्माला घालून नंतर एकेक गोष्ट भरत बसतात. त्यापेक्षा नवा टी बनवून देणारं फंक्शनच मागून घ्या. अट कमी झाली, वस्तू धड मिळाली.

आणि अट जितकं म्हणते तितकंच देते, हेही लक्षात ठेवा. सी शार्पमध्ये ‘टी हा क्लास असावा’ अशी अट घातली की दोन टी मध्ये बरोबरीचं चिन्ह वापरता येतं. लोक खूश होतात. पण ते चिन्ह तिथे ‘दोन्ही एकच वस्तू आहेत का’ एवढंच बघतं. टी म्हणून मजकूर दिलात तर अक्षरन् अक्षर सारखे असलेले दोन मजकूर ‘वेगळे’ निघू शकतात. तुम्हाला मूल्यांची बरोबरी हवी असेल तर तीच मागा, तिच्यासाठी स्वतंत्र इंटरफेस आहे. सोयीची अट घालून हव्या त्या अटीचं फळ मिळत नाही.

मग अट नेमकी कुठे घालायची, क्लासवर की मेथडवर? लवचिकतावाल्यांचं खरं दुखणं इथे आहे आणि त्याला उत्तरही आहे. हॅस्केलवाल्यांनी एकेकाळी डेटा टाइपच्या व्याख्येवरच अट लिहायची सोय ठेवली होती. अनुभवाने कळलं की तिचा उपयोग काही नाही आणि त्रास सगळीकडे. अट प्रत्येक फंक्शनवर पुन्हा लिहावी लागते ती लागतेच. शेवटी ती सोय कालबाह्य ठरवली गेली. रस्टमध्येही रीत अशी की हॅशमॅपची रचना बिनअटीची ठेवायची आणि अट त्या त्या क्रियांच्या गटावर लिहायची. ‘किल्ली शोधायची असेल तर ती हॅश होण्याजोगी हवी’, पण नुसती लांबी विचारायला कशाला अट? स्विफ्टमध्येही तसंच. नुसती क्रम लावणारी मेथड ॲरेला तेव्हाच असते जेव्हा आतला घटक तुलनायोग्य असतो. सी शार्पमध्ये क्लासच्या टी वर एखाद्याच मेथडपुरती अट घालता येत नाही हे खरं, पण ती मेथड क्लासबाहेर एक्स्टेन्शन मेथड म्हणून लिहिली की तिच्यावर स्वतंत्र अट घालता येते. म्हणजे सगळा क्लास मोकळा, आणि ज्या एका कामाला अट लागते त्या कामालाच अट. गिरणी सगळ्यांना उघडी, फक्त त्या एका जात्यावर पाटी.

आता कोणी म्हणेल, ‘भाषेतच सोय नसेल तर?’ कधी कधी नसते, खरंच. सी शार्पमध्ये ‘टी हा एनम असावा’ ही साधी अट घालायला २०१८ साल उजाडावं लागलं, आवृत्ती ७.३. त्याआधीची बारा-तेरा वर्षं लोक ‘स्ट्रक्ट असावा आणि अमुक इंटरफेस घेतलेला असावा’ असं जवळपासचं काहीतरी लिहून आत रनटाइमला ‘एनम नसेल तर एक्सेप्शन’ अशी ओळ टाकत. त्या लोकांबद्दल मला आदर आहे. त्यांनी जितकं पाटीवर लिहिता येईल तितकं लिहिलं आणि उरलेलं निदान पहिल्याच ओळीत तपासलं, खोल आत नव्हे. सोय नसताना त्यांनी एवढं केलं. सोय असून आपण काही करत नाही, त्याचं काय?

आकड्यांचंही तसंच. ‘टी हा अंक असावा’ ही अट सी शार्पमध्ये नीट घालता यायला २०२२ साल लागलं. त्याच वर्षी गो भाषेत जेनेरिक्स आली, आणि त्यांनी एक गोष्ट फार छान केली. तिथे टाइप पॅरामीटर लिहिताना अट लिहावीच लागते. काहीच अट नसेल तर तसंही स्पष्ट लिहायचं, ‘एनी’. म्हणजे ‘काहीही चालेल’ हेसुद्धा विधान आहे, विसरभोळेपणा नव्हे. मला विचाराल तर सगळ्याच भाषांनी असं करायला हवं होतं. जिथे काहीही चालतं तिथे जरूर मोकळं सोडा. साध्या यादीला, डब्याला, रांगेला कशाला हव्यात अटी? फक्त ते विचार करून सोडलंय हे दिसू द्या.

वेगाचा मुद्दा जाता जाता. काही जण अटीऐवजी सरळ इंटरफेस टाइपचा पॅरामीटर घेतात आणि म्हणतात, ‘एकच तर आहे’. एकच नाही. सी शार्पमध्ये पूर्णांकासारखी मूल्य-प्रकारातली गोष्ट इंटरफेस म्हणून पाठवली की तिला आधी खोक्यात भरावं लागतं, म्हणजे मेमरीत नवी वस्तू तयार होते. तीच गोष्ट अट घातलेल्या टी मधून आली तर खोकं लागत नाही. लाखो आकड्यांची तुलना करताना हा फरक जाणवतो. पण वेग हे माझं मुख्य कारण नाही. वेगासाठी पाटी लावा असं मी म्हणणार नाही, मिरचीसाठी लावा.

आणि शेवटचा, ताजा युक्तिवाद: ‘आता कोड एआयच लिहितं, टाइप आणि अटी कोण बघतंय?’

उलट आहे. हे यंत्र म्हणजे आठ महिन्यांचा तो मुलगाच आहे, फक्त न थकणारा. तेही तुमच्या क्लासच्या पोटात शिरून प्रत्येक ओळ वाचेल याची खात्री नाही. पाटीवर जे आहे ते वाचेल, आणि चुकलं तर कंपायलरची लाल रेघ बघून स्वतःच दुरुस्त करेल. पाटीच नसेल तर तेही मुकाट्याने मिरची टाकेल, आणि वर ‘काम झालं’ म्हणून आनंदाने सांगेल. पूर्वी दिवसाला दहा चुकीचे वापर लिहिले जात असतील तर आता शंभर लिहिता येतात. लिहिणारे हात वाढले की पाट्यांची गरज वाढते, कमी होत नाही.

बरंच लांबलं. काका विचारतील, ‘एवढ्याशा शब्दासाठी एवढा आकांत?’ हो काका, एवढ्याशाच शब्दासाठी. पुढच्या वेळी क्लासच्या नावापुढे टी लिहाल तेव्हा एक मिनिट थांबा आणि आतला कोड वाचून बघा की आपण या टी कडून काय काय गृहीत धरलंय. जे धरलंय ते वर लिहा. जे धरलेलं नाही ते लिहू नका. आणि काहीच धरलेलं नसेल तर टी ला खुशाल मोकळं सोडा. या कामाला लागतात जेमतेम दोन मिनिटं. ती तुम्ही दिली नाहीत, तर कोणीतरी दुसरा त्यासाठी आपली रात्र देणार आहे.